खटला जिंकला, अल्बम हरवले: एमसी सोलारच्या पहिल्या चार अल्बमांचं प्रकरण

डीझर ही गाणी ऐकवणारी कंपनी २००७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी स्पॉटिफायही फ्रान्समध्ये आलं. फ्रेंच रॅपची सुरुवात कुठून झाली हे शोधायला बसलेल्या पोराला तिथे मार्सेयचा आयएएम हा रॅपगट सापडायचा, सँ-दनीचा एनटीएम सापडायचा. एमसी सोलार या रॅपरचं नाव टाकलं की मात्र २००१ नंतरचं काम समोर यायचं. ज्या गाण्यांनी हा प्रकार फ्रान्सच्या घराघरात नेला, ती १९९१ ते १९९८ या काळातली गाणी अधिकृतपणे कुठेच नव्हती. दुकानात नव्हती, डाउनलोडला नव्हती, स्ट्रीमिंगवरही नव्हती. हे जवळपास वीस वर्षं चाललं. आणि गंमत अशी, की त्याआधी झालेल्या न्यायालयीन लढाईत गायक हरला नव्हता.

पार्श्वभूमी

क्लोद एम्बाराली हे त्याचं खरं नाव. जन्म १९६९ चा, सेनेगलमधल्या डाकारचा, आईवडील चाडचे. तान्हा असतानाच तो फ्रान्सला आला आणि पॅरिसच्या भोवतालच्या उपनगरांत वाढला: सँ-दनी, एव्री, पुढे व्हिलनव्ह-सँ-जॉर्ज. शाळकरी वयात काही महिने तो कैरोला काकांकडे राहिला. अमेरिकन हिप-हॉपचा एक जनक आफ्रिका बंबाटा आणि त्याची झुलू नेशन ही संघटना, ही नावं पहिल्यांदा कानावर पडली ती तिथे.

त्या वेळी फ्रेंच रॅपला घर असं नव्हतंच. १९८८-८९ मध्ये रेडिओ नोव्हावर डी नॅस्टी आणि लिओनेल डी यांचा 'दीनास्टाइल' हा कार्यक्रम लागायचा. पोरं स्टुडिओत यायची, माइक हातात घ्यायची आणि जे सुचेल ते बोलायची. सोलार तिथूनच पुढे आला.

मग जिमी जे या निर्मात्याबरोबर 'बूझ द ला' झालं. सायमांड या ब्रिटिश फंक बँडच्या 'द मेसेज'चा एक तुकडा फिरत राहतो आणि वर एक मुलगा सांगत असतो, की जिथे जावं तिथून लोक त्याला 'चल, हो बाजूला' म्हणून हाकलतात. त्यात राग आहे, पण आरडाओरडा नाही. हसत हसत सांगितलेली हकीकत आहे. वस्तीतल्या पोरांनी ते गाणं उचललंच, आणि ज्यांना रॅपचा तिटकारा होता त्यांच्या घरातही ते शिरलं. १९९१ मध्ये पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीकडून पहिला अल्बम आला, 'की सेम ल व्हाँ रेकोल्त ल तेंपो'. आयएएम आणि एनटीएम यांचेही पहिले अल्बम त्याच वर्षीचे. त्या तिघांत सगळ्यात लवकर सर्वदूर पोचला तो सोलार.

त्याची कारागिरी कळायला याच अल्बममधलं 'कारोलिन' पुरेसं आहे. हातून निसटलेल्या प्रेयसीची गोष्ट तो इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांत खेळवतो. फ्रेंचमध्ये पत्त्यांच्या या नावांना रोजच्या बोलण्यातले दुसरे अर्थही आहेत, त्यामुळे एकेक ओळ दोन्हीकडून वाचता येते. 'हा रॅपर नव्हे, कवी' असं समीक्षक म्हणू लागले ते अशा गाण्यांमुळे. मला या कौतुकात थोडा वरचढपणाही दिसतो, जणू रॅपर असणं पुरेसं नव्हतं. उलट बाजूने काही रॅपवाले त्याला 'मऊ' म्हणायचे. दोन्हीकडचं ऐकून घेत तो लिहीत राहिला.

१९९४ च्या 'प्रोज काँबा'ने त्याचं स्थान पक्कं केलं. जिमी जेच्या जोडीला बूम बास होता आणि ध्वनीची बाजू सांभाळायला फिलिप झ्दार. याच बूम बास आणि झ्दारने पुढे 'कासियस' नावाने जगभर नाव काढलं. 'नूव्हो वेस्टर्न'मध्ये सर्ज गेन्सबूरच्या 'बॉनी अँड क्लाइड'चा तुकडा वापरला होता, म्हणजे आजीच्या पिढीचा आवाज नातवाच्या गाण्यात आला. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या 'व्हिक्त्वार द ला म्युझिक' पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्तम गायक ठरला. त्याआधी अमेरिकेतल्या गुरू नावाच्या रॅपरने आपल्या 'जॅझमॅटॅझ' या अल्बमच्या पहिल्या भागात त्याला फ्रेंचमध्येच गायला लावलं होतं.

या सगळ्याला कायद्याचंही बळ मिळालं. १९९४ च्या कायद्यानुसार खासगी रेडिओवर किमान ४० टक्के गाणी फ्रेंच हवीत असं ठरलं आणि १ जानेवारी १९९६ पासून ते लागू झालं. तरुणांच्या वाहिन्यांना फ्रेंच गाणी हवीच होती. रॅपने ती जागा भरली. सोलारच्या हातातली पानं त्या वेळी सगळ्यात भारी होती. पुढे जे झालं ते तपासताना हे विसरून चालणार नाही.

पेच

तिसऱ्या खेपेला त्याने भरपूर रेकॉर्डिंग केलं. त्याच्या मनात जोड अल्बम होता. पॉलिडोरने मात्र त्याचे दोन वेगळे अल्बम केले: १९९७ मध्ये 'पारादिझियाक' आणि १९९८ मध्ये नुसतं 'एमसी सोलार' नावाचा दुसरा.

वरवर पाहिलं तर यात भांडण्यासारखं काय? गाणी तर सगळीच बाहेर आली. इथे रेकॉर्ड कंपनीशी होणाऱ्या नेहमीच्या कराराकडे बघावं लागतं. असा करार वर्षांवर कमी आणि अल्बमांवर जास्त चालतो: इतके अल्बम द्या, प्रत्येकावर इतकी उचल, विक्रीवर इतके टक्के, आणि रेकॉर्डिंगची मालकी, म्हणजे मास्टर, कंपनीकडे. जोड अल्बम एक धरायचा की दोन, यावर उरलेली बांधिलकी, उचल, टक्केवारी हे सगळंच हलतं. शिवाय हा प्रश्न कलेचाही होता. एका श्वासात म्हणायचं म्हणून लिहिलेलं मधोमध कापलं, तर दुसरा भाग उरलंसुरलं वाटतो. १९९८ च्या त्या अल्बमकडे बऱ्याच जणांनी तसंच पाहिलं, हा मला त्याच्यावर झालेला अन्याय वाटतो.

कंपनीच्या बाजूनेही विचार करून बघू. ते सीडीचे भरभराटीचे दिवस होते. जोड अल्बम महाग पडतो आणि गिऱ्हाईक बिचकतं. दोन अल्बम केले की दोनदा जाहिरात करता येते, दोनदा रेडिओवर गाणी पाठवता येतात, दोनदा दुकानाच्या दर्शनी मांडणीत जागा मिळते. धंद्याच्या हिशेबात यात वावगं काही नाही. वांधा एवढाच, की ज्याचं काम तोडायचं त्याचा होकार हवा.

त्यातच १९९८ मध्ये पॉलिडोर ज्या पॉलिग्राम समूहात होती तो समूहच विकला गेला आणि युनिव्हर्सलमध्ये विलीन झाला. करार केला होता एका घराशी. आता समोर वाडाच दुसरा होता. अशा वेळी एखाद्या कलाकाराचं जुनं दुखणं नव्या व्यवस्थापनाच्या यादीत कितव्या नंबरवर असेल, हे सांगायला नको.

समोरचे रस्ते

बाहेरून बघता त्याच्यापुढे चार वाटा दिसतात.

पहिली, गप्प बसण्याची. दोन तर दोन, करार संपवायचा आणि पुढे जायचं. बहुतेक कलाकार हेच करतात, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी तडजोडीची: विभागणी मान्य, पण बदल्यात टक्केवारी वाढवा, किंवा ठरावीक वर्षांनी मास्टर परत द्या. १९९४ ते ९६ या काळात हे मागितलं असतं तर वजन पडलं असतं. भांडण पेटल्यावर अशा मागणीला धमकीचा वास येतो.

तिसरी न्यायालयाची. फ्रान्समध्ये ही वाट इतर बऱ्याच देशांपेक्षा रुंद आहे. तिथल्या कायद्यात लेखकाचा नैतिक अधिकार विकता येत नाही आणि तो कधी संपतही नाही. कामाची मोडतोड झाली तर लेखकाला दाद मागता येते. १९८५ च्या कायद्याने गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणावर हक्क दिले. म्हणजे 'पैसे घेतलेस, आता बोलू नकोस' हा युक्तिवाद तिथे सहज चालत नाही.

चौथी, तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करण्याची. आज ही वाट सगळ्यांना माहीत झाली आहे. पण रॅपमध्ये तिचा उपयोग कमी. पेटी-तबल्यावरचं गाणं पुन्हा बसवता येतं. 'बूझ द ला' हे गाणं सायमांडच्या त्या विशिष्ट तुकड्यावर उभं आहे. परवानग्या नव्याने घ्यायच्या, त्यात बावीस वर्षांच्या पोराचा आवाज परत आणायचा कुठून? शिवाय करार संपल्यावरही काही वर्षं तीच गाणी दुसरीकडे रेकॉर्ड करायची नाहीत, असं कलम अशा करारांत सर्रास असतं.

प्रत्यक्षात काय झालं

त्याने दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी केल्या. जुन्या कंपनीला न्यायालयात खेचलं आणि नवं घर बांधलं.

न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने पडला आणि पहिल्या चार अल्बमांची विक्री थांबली. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते बाजारातून दिसेनासे झाले. एका बाजूला कंपनी, जिला ते विकता येत नव्हते. दुसऱ्या बाजूला गायक, ज्याला ते स्वतः काढता येत नव्हते. मास्टर मधल्या मधे अडकले.

नव्या घराचं काम मात्र झकास झालं. 'सेंटिनेल वेस्त' या स्वतःच्या छत्राखाली, वॉर्नर समूहाच्या वितरणातून, २००१ मध्ये त्याने 'सँकिएम आस' काढला. पाचवा अल्बम, म्हणून पाचवा एक्का. पत्त्यांचं वेड गेलेलं नव्हतं. तो जोरात चालला. २००३ मध्ये 'माक ६', २००७ मध्ये 'शापित्र ७'. शीर्षकांत आकडे पुढे जात राहिले आणि पहिले चार आकडे बाजारात नव्हतेच.

परिणाम

लगेच म्हणावं असं नुकसान दिसलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. २००१ मध्ये 'प्रोज काँबा'ची सीडी ज्यांना हवी होती त्यांच्या घरात ती होती. सेकंडहँड दुकानांत मिळायची. रेडिओवर 'कारोलिन' लागायचं, कारण फ्रान्समध्ये एकदा बाजारात आलेलं रेकॉर्डिंग वाजवायला रेडिओला मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. कायद्याने ठरलेला मोबदला भरायचा, तो कलाकार आणि निर्माता यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. गीतकार म्हणून त्याचे पैसे सासेम या लेखक-संगीतकारांच्या संस्थेमार्फत वेगळे यायचे. गाणं हवेत होतं, हातात घेता येत नव्हतं. पाच-सात वर्षं कुणाला याचं काही वाटलं नाही.

फेब्रुवारी २००४ मध्ये 'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकन मालिकेच्या पॅरिसमध्ये घडणाऱ्या शेवटच्या भागांत 'ला बेल ए ल बॅड बॉय' वाजलं. जगभरच्या प्रेक्षकांनी त्याचा आवाज ऐकला. ते गाणं 'सँकिएम आस'मधलं, म्हणून मिळत तरी होतं. ते आवडून कुणी मागे जाऊ पाहिलं असतं, तर पुढे भिंत.

मग ऐकण्याची रीतच पालटली. सीडी गेली, डाउनलोड आलं, तेही मागे पडून स्ट्रीमिंग आलं. जुन्या संगीताची नवी ओळख याच काळात घडली: कुठला अल्बम 'क्लासिक', कुणी कुणाकडून काय घेतलं, नव्या पोरांनी काय ऐकायलाच हवं. आयएएमचा १९९७ चा अल्बम या काळात देव्हाऱ्यात गेला. तो त्या लायकीचा आहेच. पण 'प्रोज काँबा' त्याच्या शेजारी का नाही, या प्रश्नाचं निम्मं उत्तर गुणवत्तेत नाही, उपलब्धतेत आहे. २००० नंतर जन्मलेल्या ऐकणाऱ्यांसाठी सोलार हा कुणीतरी बुजुर्ग होता, आईबाबांच्या तोंडी येणारा. लोकांनी चढवलेल्या फुटक्या आवाजाच्या व्हिडिओंवर त्याची ख्याती तगून होती.

त्याच वेळी त्याचं नवं कामही थांबलं. 'शापित्र ७' नंतर पुढचा अल्बम यायला दहा वर्षं लागली. जुनं मिळत नाही आणि नवं येत नाही, असं ते दशक. २०१७ अखेर 'झेओपोएतिक' आला, लोकांनी उचलून धरला, २०१८ च्या 'व्हिक्त्वार'मध्ये पुरस्कारही मिळाला.

आणि २०२१ पासून जुने अल्बम परत आले. जुलैत पहिला, मग पुढचे, एकेक करून: व्हिनाइल, सीडी आणि स्ट्रीमिंगवर. 'प्रोज काँबा'ला आवाजाचा पोत देणारा झ्दार ते पाहायला उरला नव्हता. जून २०१९ मध्ये पॅरिसमध्ये अपघाताने त्याचं निधन झालं. सोलार २०२४ मध्येही नवे अल्बम काढत होता.

निर्णय कुठे वेगळा होऊ शकला असता

१९९१ च्या कराराला दोष देणं मला पटत नाही. बावीस वर्षांचा मुलगा, रॅप या प्रकारावर पैसे लावायला कुणी फारसं तयार नाही. त्या वेळी मास्टरची मालकी मागणं म्हणजे दारातूनच परत फिरणं.

संधी होती ती १९९४-९५ मध्ये. अल्बम हिट, पुरस्कार हातात, रेडिओचा नवा नियम दाराशी. कंपनीला त्याची गरज त्याच्यापेक्षा जास्त होती. अशा वेळी जुना करार उघडून दोन ओळी घालून घ्यायच्या: अल्बम म्हणजे नेमकं काय ते कलाकाराच्या लेखी संमतीने ठरेल, आणि रेकॉर्डिंग ठरावीक महिने बाजारात नसेल तर त्याचे हक्क आपोआप कलाकाराकडे जातील. यश मिळालं की आपल्याकडचीही माणसं पुढच्या कामाला लागतात, मागचे कागद काढत नाहीत. कागद काढायचा मुहूर्त खरं तर तोच असतो.

दुसरी जागा स्टुडिओत पाऊल टाकण्याआधीची. जोड अल्बम करायचा हे डोक्यात होतं, तर तो एक वस्तू म्हणून निघेल हे आधी लिहून घ्यायला हवं होतं. रेकॉर्डिंग कंपनीच्या ताब्यात गेल्यावर कलाकाराकडे फक्त नाराजी उरते, आणि नाराजीचं रूपांतर दाव्यात व्हायला वेळ आणि वकील दोन्ही लागतात.

सगळ्यात अवघड जागा मात्र न्यायालयातली, म्हणजे मागायचं काय? 'यांना विकू देऊ नका' ही मागणी रागातून सहज येते, आणि कायद्यातही तिला जागा आहे. पण विक्री बंद करणं हे हत्यार दोन्ही बाजूंना कापतं. कंपनीच्या हजारो अल्बमांपैकी चार थांबले, तर तिचा ताळेबंद हलत नाही. कलाकाराचे चार थांबले, तर त्याची निम्मी कारकीर्द थांबते. बंदीच्या जोडीला 'इतक्या मुदतीत समझोता झाला नाही तर मास्टर कलाकाराकडे, किंवा तिसऱ्या कंपनीमार्फत विक्री आणि पैसे दोघांत' अशी काहीतरी सोय हवी. तशी सोय नसली की जो जास्त काळ थांबू शकतो तो जिंकतो. कंपनी म्हातारी होत नाही.

याला एक उत्तर दिलं जातं: न मिळाल्यामुळेच या अल्बमांची दंतकथा झाली, जुन्या व्हिनाइलला भाव आला. संग्राहकांच्या दृष्टीने असेलही. पण 'बूझ द ला' संग्राहकांसाठी लिहिलेलं नव्हतं. स्वाभिमानाचा मुद्दा मात्र मी मोडीत काढणार नाही. ज्यांनी आपलं काम विचारल्याशिवाय तोडलं त्यांनीच ते विकत राहावं, हे कुणाला सहन होईल? तो अडून बसला यात चूक काढता येत नाही. मला खटकते ती अडून बसण्याला मुदत नसणं.

चौथी जागा २००७ ते २००९. त्याच दोन वर्षांत दुकानाची जागा फोन घेऊ लागला. आपण ज्या बाजारापुरतं भांडत होतो तोच उठून गेला, तर भांडणाच्या अटी पुन्हा मांडायला हव्यात. फक्त स्ट्रीमिंगपुरता, पाच वर्षांचा, दोघांनाही मागे फिरता येईल असा तात्पुरता करार होऊ शकला असता. तो झाला नाही, आणि एक अख्खी पिढी त्या गाण्यांशिवाय मोठी झाली.

कायद्याच्या भरवशावर राहायचं तर किती थांबावं लागतं, तेही पाहा. युरोपीय संघाने २०११ मध्ये रेकॉर्डिंगवरचा हक्क ५० वरून ७० वर्षांवर नेला आणि सोबत एक अट घातली: पहिली ५० वर्षं झाल्यावरही निर्माता रेकॉर्डिंग पुरेशा प्रती काढून विकत नसेल किंवा ऑनलाइन देत नसेल, तर कलाकार त्याला नोटीस देऊन, एक वर्ष थांबून करार संपवू शकतो. १९९१ च्या पहिल्या अल्बमसाठी ही ५० वर्षं २०४१ अखेर भरतात. सोलार तेव्हा ७२ वर्षांचा असेल.